चार वायसर

फवारनीचे पंप दुरुस्त करता करता माही अठ्ठावीस वर्सं निंगून गेली. वडनेरले रोडच्या कडेले टिनाची टपरी हाये. कोनाले बी योहान मिस्त्री इचारा, लहान पोट्टं बी बोट दाखवते. शिकलो पाचवीलोक. पाचवीत दोनदा बसलो. गुरुजीचा जीव होता माह्यावर, वर जाऊच देत नव्हते.

ही गोष्ट इकडच्या लोकाइले अर्धी अर्धी मालूम हाये. ज्याले जो भाग आवडला तो त्यानं उचलला. पुरी गोष्ट मीच सांगाले पायजे, काऊन का तिच्यात चूक माही हाये.

आमच्याइकडे दोनच घरं ख्रिस्ती. माही माय आनंदाबाई मिशनच्या दवाखान्यात आया होती. आता ऐंशीच्या वर गेली, टपरीसमोर बाजेवर बसून येनाऱ्या-जानाऱ्याची चौकशी करत रायते. मी धंद्याले बसलो तवा बुढी म्हने, "योहान, हातातून गेलेल्या कामावर निशानी ठेवत जाय. काम बिघडलं तर तुले पयता येनार नाई." तवापासून दुरुस्त केलेल्या हरएक पंपाच्या बुडाले मी खिळ्यानं लहानसा क्रूस काढत आलो. लोकं म्हनाले लागले, क्रूसवाला पंप गयत नाई.

बुढीले वाचता येत नाई. तिचा धर्म तीन बोटाइवर हाये. एक, खरं वाग. दोन, माया कर. तीन, देवासंग चालतानी मान खाली ठेव. "अन चवथं?" म्या लहानपनी इचारलं होतं. "चवथं जेवाले लागते," म्हने, "ते मोकयं राहू दे."

त्या साली कापसाची पऱ्हाटी मानसाच्या डोस्क्यावर गेलती. बैलाइचा पोया झाला अन पानी दडी मारून बसलं. वारा तर नावाले नाई. वावरात शिरलं का कोंडवाड्यात शिरल्यासारखं वाटे. फवारा मारला का तो खाली बसे ना, तोंडाभोवती तसाच लटकून राहे. बोंडअळीनं लोकाइची झोप उडवली होती. दोन-दोन औषधं एकात मिसळून मारत होते. नोझल जाम झालं का तोंडात धरून फुकत, थुकत, अन पऱ्हाटीच्या पुढच्या तासाले, ओळीले, लागत. मी बी तसंच फुकत आलो जिंदगीभर, दुसऱ्याले काय नाव ठेवू.

माह्या टपरीवर बॅटरीच्या पंपाची रांग लागली. टाकीच्या बुडाले, जिथून औषध पाइपात उतरते, तिथं रबराचा एक वायसर बसते. रुपयाच्या नाण्याएवढा. तो गेला का औषध सरकं पाठीवरून कंबरेत उतरते. अन नेमके वायसर संपले. हिंगणघाटचा दुकानदार म्हने परवा येतीन. इकडे सहा जनं उभे.

"मिस्त्री, अळीले सांगू का परवालोक उपास धर म्हनून?" एक जन म्हने. सगळे हासले.

खिळ्याले ट्रॅक्टरची जुनी ट्यूब लटकली होती. म्या कातरीनं तिच्यातून चार गोल कापले. फिट्ट बसले. पानी भरून पाह्यलं, थेंब नाई. चारही पंपाइले क्रूस काढला अन देऊन टाकले. ट्यूब वापस खिळ्याले टांगली. तिच्यात चार भोकं राह्यली.

त्या दिवशी रांगेत प्रफुल होता. तीसेक वर्साचा, तोंडावर सदा हासू. वडनेरच्या पुढं चार किलोमीटरवर एक खेडं हाये, तिथं सदाशिवरावच्या वावरात तो सालदार होता. त्यांच्या अवजाराची ने-आन तोच करे. पंप खांद्यावर टाकता टाकता म्हने, "मिस्त्री, तुमच्या येशूबाबाले एक सांगा ना. मालकाचा पंप बिघडवत जा म्हना दर आठ दिवसानं. तेवढीच आपल्याले सावली."

"येशूबाबाले तेवढंच काम हाये का बे?" म्या म्हनलं.

ते आमचं शेवटचं बोलनं.

महालक्ष्म्याच्या दुसऱ्या दिवशी खबर आली का प्रफुल सदाशिवरावच्या वावरात पडला. तोंडाले फेस, आंगाले घाम, हातपाय थरथर. सदाशिवरावनं सोताच्या गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेला. तिसऱ्या दिवशी गेला. गावात आंधीच बोलनं पसरलं होतं, प्रफुल औषध पेला. त्या सकायी नळावर त्याचं अन त्याच्या बायकोचं, दिपालीचं, वाजलं होतं. तिले भावाकडे महालक्ष्म्याच्या जेवनाले जाचं होतं, तो म्हने फवारनी हाये. एवढंच. पन चार बायाइनं ऐकलं, अन चारीनं चार तऱ्हेनं सांगतलं. प्रफुलची माय देवकाबाई तर छाती पिटून म्हने, "माह्या लेकराले हिनं खाल्लं."

म्या बी टपरीवर बसून मान हालवली. म्हनलं, असते बाबा एकेकीची जीभ.

पाचव्या दिवशी दुपारच्याले टपरीसमोर जीप थांबली. सदाशिवराव सोता उतरले. पंप हातात. हे मानूस कधी पंप हातात घेऊन आल्याचं म्या पाह्यलं नव्हतं.

"मिस्त्री, खोलून धू हा. नवा करून ठेव. जुनं काय निंगन ते फेकून दे."

म्या बुडाचं नट खोललं. वायसर म्हनून जे हाती आलं ते वायसर नव्हतं. काया चिकट गोया, उकडलेल्या साबुदान्यासारखा लिबलिबीत. बोटानं दाबला तर पसरला. ट्यूबचं रबर त्या औषधानं खाऊन टाकलं होतं. पान्यानं काही होत नाई त्याले, पन औषधात जे तेलकट रायते त्यानं ते फुगते, नरम होते, अन मंग जागा सोडते.

म्या टाकी पालथी केली. बुडाले क्रूस होता, माह्याच हातचा.

"राव," म्या म्हनलं, "हा गयत होता."

सदाशिवराव रोडकडे पाहून राह्यले होते. "त्यानं सांगतलं होतं मले. पाठ ओली होते म्हने. म्या म्हनलं, दोन टाक्या राह्यल्या, मारून घे, मंग मिस्त्रीकडे जाजो." सदऱ्यावरून हात फिरवला. "म्या त्याले सोताच्या सीटवर झोपवून नेलं, मिस्त्री. सारी वकारी माह्या आंगावर झाली. मी काही कसाई आहो का?"

"नाई राव. पन तो पेला नव्हता."

"दवाखान्यात म्या पेला म्हनून सांगतलं हाये. तसंच लिहिलं गेलं." आता त्याइनं माह्याकडे पाह्यलं. आवाज चढला नाई, उलटा खाली गेला. "वायसर कोनाचा? तुहा. पंप कोनाचा? माहा. म्हंजे आपन दोघं एका दोरीत. अन तुमची घरं किती हायेत इथं? दोन ना? चांगले लोक हा तुम्ही. कोनाच्या अध्यात ना मध्यात. तसेच राहा."

बाजेवरून बुढी म्हने, "राव, चहा घ्या."

"नको माय," म्हने, अन जीपमंधी जाऊन बसले.

त्या दिवशी म्या एका बाटलीच्या झाकनात थोडं औषध ओतलं, ट्यूबचा एक तुकडा त्यात टाकला अन टपरीच्या कोपऱ्यात ठेवला. मनात म्हनो, नसन झालं त्यानं. दुसरं काही असन. पहिल्या दिवशी तुकडा तसाच. दुसऱ्या दिवशी दुप्पट जाड. तिसऱ्या दिवशी काडीनं उचलाले गेलो तर अर्धा काडीले चिकटला, अर्धा झाकनात राह्यला.

खिळ्याले ट्यूब लटकली होती. चार भोकं. एक वायसर माह्या हाती लागला होता. तीन वावरात होते, कोनाच्या ना कोनाच्या पाठीवर.

म्या बुढीले सांगतलं. तिनं सारं ऐकलं अन पहिले धंद्याचंच बोलली. "आंगावर औषध सांडलं का आम्ही दवाखान्यात पहिले कपडे उतरवत जाऊ. साबनानं सारं आंग धुवाचं. मंग सुई. अर्धा मानूस तर धुन्यानंच वाचे. ध्यानात ठेव." मंग इचारलं, "बाकीचे तीन कोनाकोनाकडे हायेत?"

"योगेंद्रकडे एक. ओमप्रकाशकडे एक. चवथा आठवत नाई वं माय. गर्दी होती."

"आठव."

फटफटी काढली. योगेंद्र वावरात निंगतच होता, पंप पाठीवर. म्या म्हनलं, "अरे, ते वायसर कंपनीनं वापस बोलावले, खराब माल निंगाला." साफ खोटं. त्यानं पंप देल्ला, म्या तिथंच वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून वायसर बदलला. जुना वायसर फुगला होता. ओमप्रकाशकडे बी तेच खोटं, तेच काम. त्याचा तर किनाऱ्यावरून पाझरतच होता. तो म्हने, "कंपनी चांगली हाये बाप्पा, घरपोच पाठवते."

घरी येऊन बुढीले सांगतलं, दोन बदलले. वाटलं खूश होईन. तिनं पहिलं बोट वर केलं.

"हे कुठं गेलं?"

"काम तर झालं ना माय."

"वायसर बदलला, बरं केलं. पन त्या पोरीवर जे नाव बसलं ते कोन बदलनार? कंपनी?"

बुढीनं बोट खाली घेतलं नाई. जेवतानी बी ते तसंच वर. म्या ताटाकडे पाहून जेवलो.

पुढचे दिवस मी चवथा पंप शोधत फिरलो. कोनाच्या बी वावराजवळून जातानी पंपाचा घर्र आवाज आला का गाडी थांबवो. टाकीच्या बुडाखाली वाकून पाहो. लोकं हासत, "मिस्त्री, गाईचं थान पाहून राह्यले का?" क्रूस सगळ्याइलेच होते. अठ्ठावीस वर्साचे क्रूस. आतलं रबर कोनतं ते बाहेरून काय दिसनार?

मंग प्रफुलची तेरवी आली. मले बोलावनं होतं. गेलो.

देवकाबाईचं अंगन लहान. पंगत दोन रांगेत बसली. माह्या बाजूले सदाशिवराव येऊन बसले, मुद्दाम. वरन-भात, वांग्याची भाजी, बुंदी. दिपाली आतल्या दाराले टेकून बसली होती, डोक्यावरून पदर, मांडीवर तीन वर्साची पोरगी. तिच्याकडे कोनी पाहे ना, पन सगळे तिच्याचबद्दल बोलून राह्यले होते.

"कापूस निंगेलोक राहू द्या," देवकाबाईचा भाऊ म्हने. "येचाले हात लागतीन. मंग पाठवून द्या मायघरी. पोरगी इथंच राहीन."

"पोरगी माह्या लेकाची हाये," देवकाबाई म्हने. "ह्या डाकिनीच्या हाती देऊ का?"

दारातून बारीक आवाज आला, "आत्याबाई, म्या त्याइले काहीच केलं नाई वं."

"चूप! तोंडानंच तर मारलं त्याले!"

म्या घास उचलला अन वर पाह्यलं. समोरच्या भिताडाले खुटीवर पंप लटकला होता. निळा, पट्ट्याले जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. बुडाले क्रूस. अन मले सारं आठवलं. त्या दिवशी प्रफुल दोन पंप घेऊन आलता. एक मालकाचा खांद्यावर, एक हा, घरचा, सायकलच्या कॅरिअरले बांधलेला. चिंधी पाहून म्या त्याची मस्करी केली होती, पंपाले बी लुगडं नेसवलं का म्हनून.

म्या घास ताटात ठेवला.

"देवकाबाई," म्या म्हनलं, "तो पंप जरा मी घेऊन जातो. तपासून आनतो."

"त्याले काय झालं? दोन टाक्या मारल्या माह्या लेकरानं, चांगला चालला."

"तरी बी. एक नजर..."

सदाशिवराव ताटाकडेच पाहत होते. म्हने, "मिस्त्री, तेरवीच्या घरून सामान नेतात का? जेवा." मंग हळूच, मले एकट्यालेच ऐकू येईन असं, "जेवा ना."

दोन शब्द बोलाचे होते. वायसर खराब हाये. पन ते बोललो का पुढचं इचारलं गेलं असतं, काऊन खराब? तुम्हाले कसं मालूम? अन मंग हरएक तोंड माह्याकडे फिरलं असतं. त्या अंगनात चाळीस मानूस होतं. मी जेवलो. बुंदी बी खाल्ली. मनात म्हनो, उद्या सकायी येतो अन गपचूप बदलून टाकतो. आजच्या दिवसात कोन फवारते?

घरी आलो तर बुढीनं इचारलं, "चवथा?"

"सापडला. उद्या जातो."

तिनं माह्याकडे लय वेळ पाह्यलं. बोट वर केलं नाई. ते केलं असतं तर बरं वाटलं असतं.

सकायी साडेनवाले मी देवकाबाईच्या अंगनात. खुटी रिकामी.

शेजारची बुढी म्हने, "दिवस उगवाले दोघी वावरात गेल्या. सासू म्हने, तेरवी झाली, आता अळी थांबनार हाये का? पंप तिच्या पाठीवर देल्ला."

मी कसा पोचलो मले मालूम नाई. वावर नाल्यापलीकडे, दोन एकराचं. धुऱ्यावर फटफटी आडवी टाकली. पऱ्हाटी एवढी वर का मानूस दिसे ना. पंपाचा आवाज येत होता, पन एकाच जागेवरून, हाले ना. घर्र, घर्र. मी आवाजाकडे तासातून धावलो. पानं तोंडावर आपटत होती, ओली, औषधाची.

दिपाली दोन तासाच्या मधात बसली होती. पंप पाठीवर चालूच. लुगड्याची मागची बाजू कंबरेपासून पायालोक ओली. तोंडातून लाळ, डोयातून पानी, गालाचं मास आपोआप उडून राह्यलं होतं. म्या पंप बंद केला, पट्टे काढले. ती माह्याकडे पाहे पन तिले मी दिसत नव्हतो. डोयाच्या बाहुल्या राईएवढ्या.

"देवकाबाई!" म्या बोंबललो. "देवकाबाई वं!"

ती तिकडून आली, हातात इया. गवत कापत होती धुऱ्याचं. सुनेले पाह्यलं अन तोंड वाकडं केलं.

"नाटक करून राह्यली. काल पंगत उठली, आज चक्कर. तुम्ही काऊन आले इथं?"

"कपडे काढा तिचे. विहिरीवर न्या. आंग धुवा सारं, लवकर!"

"काय म्हनता मिस्त्री? शरम हाये का नाई? परक्या बाईचे कपडे..."

"तुम्ही काढा, मी पाठ करतो! ती मरून राह्यली बाई!"

"मरू दे," देवकाबाई म्हने. तसंच म्हने, ठंड्या आवाजात. "माहा गेला, ती काऊन राह्यली?"

आता दुसरं काही उरलं नव्हतं. कंपनीचं खोटं तिथं चालनार नव्हतं. खोट्यासाठी त्या बाईनं बोट बी हालवलं नसतं.

म्या तिच्यासमोर तासात गुडघे टेकले. "देवकाबाई, प्रफुल पेला नाई. त्याले हिनं मारलं नाई. मी मारला. मालकाच्या पंपात म्या ट्यूबचा खोटा वायसर टाकला, तो गयला, औषध त्याच्या पाठीतून आंगात गेलं. त्यानं मालकाले सांगतलं बी होतं. हा तुमचा पंप बी त्याच दिवशीचा, तोच वायसर. काल म्या खुटीवर पाह्यला अन भेलो, बोललो नाई. आता जे प्रफुलले झालं तेच हिले होऊन राह्यलं. हिचं आंग धू माय. मंग मले काय कराचं ते कर."

देवकाबाई हालली नाई. इया हातात तसाच. तिनं माह्याकडे पाह्यलं, मंग माह्या मानेकडे. मले वाटलं आता मारते. मारलं असतं तर म्या हात वर केला नसता. सुनेच्या नरड्यातून घरघर आवाज आला. देवकाबाईनं त्या आवाजाकडे मान वळवली. हाच आवाज तिनं तीन दिवस दवाखान्यात ऐकला असन.

इया पऱ्हाटीत भिरकावला अन सुनेच्या काखेत हात घातला.

"उठ वं पोरी. उठ. माह्या आंगावर भार टाक."

विहिरीवर मोटर होती पन लाइन नव्हती. म्या दोर-बाल्टीनं पानी ओढलं अन पाठ करून मागं देत राह्यलो. दोघीइची थैली विहिरीवरच होती, तिच्यात धुन्याच्या पावडरची पुडी निंगाली, ती बी देल्ली. मागून पान्याचा आवाज, अन देवकाबाईचा, "डोये मीट, डोये मीट पोरी, केस धुते तुहे." किती बाल्ट्या ओढल्या ध्यानात नाई. तळहात सोलले. देवकाबाईनं सोताचं लुगडं अर्धं फाडून तिले गुंडायलं. मंग तिले मधात बसवून आम्ही तिघं एका फटफटीवर निंगालो.

दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, "किती पेली?"

"पेली नाई," देवकाबाई म्हने. माह्याकडे बोट दाखवलं. "याले इचारा. हा सांगते."

म्या सांगतलं. लिहून घेतलं त्याइनं, पहिल्यापासून, प्रफुलपासून. खाली सही केली, पाचवीपासून येते मले तेवढी.

दिपाली आठ दिवसानं घरी आली. त्याच्या आंधीच देवकाबाई नळावर गेलती म्हने, जिथं त्या चार बाया पानी भरतात. घागर खाली ठेवली अन चौघीइले सांगतलं, "माह्या सुनेनं माह्या लेकाले मारलं नाई. म्या म्हनलं होतं, ते म्या वापस घेतलं. आता कोनी म्हनलं तर माह्याशी गाठ हाये."

माह्याकडे मात्र गिऱ्हाईक यानं बंद झालं. पंधरा दिवस टपरीत मी अन खिळ्यावरची ट्यूब. योगेंद्र एकदा येऊन म्हने, "कंपनी म्हंजे तू होय का रे?" अन थुकून गेला. त्यात काही चूक नव्हती. कोर्टाचे कागद आले, माह्या नावानं अन सदाशिवरावच्या नावानं. तारीख अजून लागाची हाये. सदाशिवरावची जीप रोज दुपारच्याले टपरीसमोर येऊन थांबे. काच खाली होये. ते उतरत नव्हते, बोलत नव्हते. पाच मिनिटं इंजिन चालू, मंग निंगून जात. शेजारचा पानठेलेवाला म्हने, "योहानभाऊ, काही दिवस मायले घेऊन वर्ध्याले जा. पिपरी मेघेले तुहा साडू रायते ना?"

बुढी बाजेवरून म्हने, "माही बाज मोठी हाये, गाडीत मावनार नाई."

एक दिवस बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, दोघी आल्या. देवकाबाई पुढं, हातात निळा पंप, चिंधीवाला. मागं दिपाली, वाळून काडी झालेली, पोरगी कडेवर. ती रोडवरच उभी राह्यली, सावलीत बी आली नाई.

देवकाबाईनं पंप माह्यापुढं आपटला.

"खोल."

म्या खोलला. दुकानचा नवा वायसर दाखवला. तिनं तो हातात घेतला, ओढून पाह्यला, दाताखाली चावून पाह्यला, अन देल्ला. "टाक. माह्यासमोर टाक." म्या टाकला, नट आवळलं.

"भर पानी." भरलं. तिनं लुगड्याच्या गाठीतून निळीची पुडी काढली अन सारी टाकीत ओतली. पानी शाईसारखं झालं. "आता सदरा काढ."

"देवकाबाई..."

"काढ म्हनते ना. पाठीवर घे. चाल."

बाजाराचा दिवस. रोडवर मानसं मावत नव्हती. म्या सदरा काढला, उघड्या पाठीवर सोळा लिटरची टाकी घेतली अन निंगालो. टपरीपासून बस थांब्यालोक, तिथून वापस. लोकं बाजूले सरकत. कोनी हासलं नाई. हासले असते तर चालनं सोपं गेलं असतं. दुसऱ्या चकरेत पाह्यलं, समोर जीप येऊन थांबली होती. काच खाली. तिसरी, चवथी. पट्टे खांद्यात रुतले. पाठीवरून काहीतरी खाली उतरत होतं, कंबरेत, अन मले मालूम नव्हतं ते काय हाये. प्रफुलले बी असंच वाटलं असन. मालक, पाठ ओली होते.

पाचव्या चकरेले देवकाबाईनं थांबवलं. टाकी वर उचलली अन माह्या पाठीवरून तळहात फिरवला, मानेपासून कंबरेलोक. हात उन्हात धरून पाह्यला. निळा नव्हता.

"घाम हाये," ती म्हने. "घामच हाये."

म्या पट्टे काढाले हात वर केले. तवा दिपाली रोडवरून बोलली. तेरवीच्या दिवशी दारातून आलता तो बारीक आवाज नव्हता हा.

"मिस्त्री, अजून एक चक्कर मारा."

जीपचं इंजिन चालूच होतं. बाजेवर बुढी बसली होती, हात मांडीवर, सारी बोटं मिटलेली. म्या टाकी पाठीवर नीट बसवली, मान खाली घातली अन निंगालो.